सड्याचे वाटेकरी

इंग्रजीतल्या 'स्टेकहोल्डर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, या एका प्रश्नावर आम्ही तिघांनी २००९ सालच्या एप्रिलमधल्या तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. निमित्त साधे होते. देवगड तालुक्यातील एका गावात आम्हांला सभा घ्यायची होती आणि तिचे निमंत्रण मराठीत छापायचे होते. जागतिक पर्यावरणबदलामुळे कोकणातील परिसंस्थांना कितपत धोका संभवतो, याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात आम्ही काम करीत होतो. आमच्यापैकी एक वनस्पतिशास्त्राचा, एक समाजशास्त्राची आणि एक उपग्रहचित्रांवरून नकाशे तयार करणारा. प्रकल्पाच्या अटींमध्ये 'स्टेकहोल्डरांचा सहभाग' असे एक कलम होते. त्या कलमासाठी अंदाजपत्रकात चहा, जेवण आणि मांडव यांची तरतूद होती. शब्दाची तरतूद मात्र कोणी केली नव्हती.

'भागधारक' म्हटले तर डोळ्यांपुढे कंपनी, तिचा लाभांश आणि वार्षिक सभा उभी राहते. 'हितसंबंधी' म्हटले तर संशयाचा वास येतो. मराठी वर्तमानपत्रांत 'हितसंबंध' नेहमी 'गुंतलेले' असतात आणि ज्यांचे ते गुंतलेले असतात त्यांच्याविषयी कोणी बरे बोलत नाही. 'संबंधित घटक' हा शासकीय परिपत्रकातला शब्द. त्यात माणूस दिसत नाही. 'हितधारक' हा हिंदीच्या वाटेने आलेला शब्द तेव्हा कानाला परका वाटला. आमच्यापैकी एकाने 'वाटेकरी' सुचवला होता. परंतु वाटेकरी म्हटले की भाऊबंदकी आठवते, या कारणाने तो आम्ही बाद केला. अखेरीस 'भागधारकांची सभा' असे छापून मोकळे झालो. सभेच्या दिवशी एका निवृत्त गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, "एक शेअर कितीचा?" नव्वदच्या दशकात सागवानाच्या लागवडयोजनांत पैसे गुंतवून अनेकांचे हात पोळले होते, त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. आम्ही हसलो, खुलासा केला आणि पुढच्या विषयाकडे वळलो. त्या प्रश्नापाशी थांबायला हवे होते, हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

आमची पद्धत उसनी होती, हे आधी सांगितले पाहिजे. २००१ ते २००४ या काळात युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने 'एटीम' या संक्षिप्त नावाचा एक मोठा प्रकल्प झाला. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील हवामान-परिणाम संशोधन संस्थेकडे त्याचे संयोजन होते. हवामान आणि जमिनीचा वापर बदलत गेल्यास युरोपातील शेते, वने, पाणी आणि जैवविविधता यांच्याकडून माणसाला जे मिळते त्याचे एकविसाव्या शतकात काय होईल, हा त्याचा विषय. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भूमध्यसागरी प्रदेश सर्वांत असुरक्षित ठरेल, असे त्यांत म्हटले होते. आम्हांला निष्कर्षांहून अधिक आकर्षण वाटले ते त्यातील संवादाचे. शेती, वने, पाणी, निसर्गसंवर्धन अशा क्षेत्रांतील लोकांना त्यांनी बैठकांना बोलावले होते आणि कोणते बदल तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे, असे विचारले होते. शास्त्रज्ञाने नकाशा काढायचा आणि लोकांनी तो भिंतीवर लावायचा, हा जुना क्रम मोडण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु युरोपातल्या त्या बैठकांना येणारा माणूस बहुधा एखाद्या संस्थेचा किंवा संघटनेचा प्रतिनिधी असे. त्याला कचेरी होती आणि पत्रावर छापायला नाव होते. आमच्या गावात ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांतील बहुतेकांपाशी असले काहीच नव्हते. आम्ही बैठकीचा साचा उचलला आणि हा फरक मागे ठेवला.

असुरक्षिततेची व्याख्याही आम्ही तयारच घेतली होती. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००१ आणि २००७ सालच्या अहवालांनुसार असुरक्षिततेला तीन अंगे असतात. आघात किती होतो, त्या आघाताने इजा किती होते आणि ती सोसून पुन्हा उभे राहण्याची ताकद किती आहे. हापूसचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजते. थंडी लांबली आणि मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस पडला, हा आघात. मोहोर काळा पडला, तुडतुडे वाढले, ही इजा. पण शेजारशेजारच्या दोन बागांचे नुकसान सारखे होत नाही, कारण एकापाशी पुन्हा फवारणी करायला पैसे असतात आणि दुसऱ्याने बाग आधीच करारावर व्यापाऱ्याला दिलेली असते. या तिसऱ्या अंगाला आम्ही प्रश्नावलीत 'अनुकूलनक्षमता' असे नाव दिले होते आणि प्रत्येक घरी त्याचा अर्थ सांगण्यात पाच-दहा मिनिटे घालवत होतो. गावात त्यासाठी एक शब्द होता. "यंदा निभाव लागेल का?" असे लोक एकमेकांना विचारीत होते. पाऊस, इजा आणि ताकद ही तिन्ही अंगे त्या 'निभाव' शब्दात एकत्र बसली होती. २०१४ च्या अहवालात आयपीसीसीने आपली मांडणी बदलली. आघाताला असुरक्षिततेतून बाहेर काढून 'जोखीम' या नव्या चौकटीत ठेवले. म्हणजे आमची शास्त्रीय व्याख्या पाच वर्षांत जुनी झाली. निभाव हा शब्द आजही तसाच चालतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सड्याकडे, येतो. ज्यांनी कोकण केवळ नारळ, समुद्र आणि लाल वाटा यांतूनच पाहिले आहे, त्यांना सडा पाहिल्यासारखा वाटत नाही. खाडीकाठच्या वस्तीतून चढण चढून वर आले की जांभ्या दगडाचे मैलोन्‌मैल पसरलेले सपाट पठार लागते, तो सडा. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. पायाखाली काळसर कातळ, मधूनच वाळके गवत, सावलीला एखादे खुरटे झाड आणि दगडाखाली फुरसे. या जमिनीकडे पाहून कोणीही म्हणेल की येथे काही नाही. सरकारी दप्तरही तेच म्हणते. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा वरकस किंवा पोटखराबा म्हणून असते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात 'ओसाड खडकाळ क्षेत्र' असा एक वर्गच आहे.

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सरी पडल्या की याच कातळावर वेगळेच जग सुरू होते. खळग्यांत पाणी साचते, बेडूक ओरडू लागतात. बोटभर मातीत गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. या मातीत नत्र इतके थोडे की झाडाला ते बारीक जीव धरून मिळवावे लागते. दीपकाडी हा पांढऱ्या फुलांचा कंद तर कोकण आणि लगतचा गोवा सोडून जगात अन्यत्र आढळत नाही. सखल भागांत माती साचलेली असते तेथे लोक भात लावतात. श्रावण-भाद्रपदात गवत कमरेएवढे होते. ते गुरांना आणि पूर्वी घरांच्या शाकारणीलाही लागे. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खाली वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. आणि दिवाळीनंतर हे सगळे पुन्हा वाळून जाते.

आमच्या नकाशाची गोम येथेच होती. प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकणावर ढग असतात. म्हणून अभ्यासक स्वच्छ आकाशाची, जानेवारी-फेब्रुवारीतली, चित्रे वापरतात. आम्हीही तीच वापरली. त्या चित्रांत हिरवेपणा मोजण्याची एक रीत आहे. जितका हिरवेपणा अधिक तितकी वनस्पती अधिक. जेथे वनस्पतीच नाहीत तेथे गमावण्यासारखे काय असणार, या हिशोबाने सारे सडे आमच्या नकाशात 'अल्प असुरक्षित' या फिकट पिवळ्या रंगात आले. जी परिसंस्था वर्षातून चारच महिने जागी असते, तिची परीक्षा आम्ही तिच्या झोपेच्या वेळी घेतली होती. आमचे वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र पावसाळ्यात सडा हिंडले होते. त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ते 'वनस्पतींची यादी' या प्रकरणाचे लेखक होते आणि नकाशा हे दुसरे प्रकरण होते.

पहिली सभा मे महिन्यात झाली. ती तारीख आम्ही आमच्या सोयीने, महाविद्यालयांच्या सुट्टीनुसार ठरवली होती. कोकणात मे महिना म्हणजे आंबा. ज्यांचे हात खरोखर मातीत असतात ते सारे बागांत, आंबे उतरवणे, निवडणे, पेट्या भरणे यांत बुडालेले. त्याच महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी येतात. आमच्या मांडवात आले ते मुख्यतः हेच. सोबत दोन शिक्षक, एक दुकानदार आणि उपरोक्त निवृत्त गृहस्थ. सारे सज्जन आणि बोलके लोक. सड्याविषयी विचारले असता त्यांनी सांगितले की तो पडून आहे. गुरे आता राहिली नाहीत. सरकारने रस्ता आणि पाणी दिले तर तेथे बागा होतील. यात खोटे काहीच नव्हते. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली तेव्हापासून सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमे लावायची, ही रीत रुळली होती. तिने कित्येक घरांना पैसा दिला होता. जमीन त्यांच्या नावावर होती, कुठे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे होती, आणि त्या नावांतली बहुतेक माणसे परळ, डोंबिवली किंवा विरारला राहत होती. आम्ही आनंदाने सारे टिपून घेतले. नकाशा आणि लोक एकच गोष्ट सांगत होते! संशोधकाला याहून मोठे सुख नाही.

दुसरी सभा घ्यावी असा आग्रह आमच्या समाजशास्त्राच्या मैत्रिणीने धरला. मांडवात चार बायका होत्या आणि चौघींपैकी एकही बोलली नव्हती, एवढेच तिचे म्हणणे होते. ती सभा ऑक्टोबरात, भातकापणी उरकल्यावर, देवळाच्या सभामंडपात झाली. वार गावाने ठरवला, सोमवार. त्या गावात सोमवारी जोत धरीत नाहीत. या वेळी निमंत्रणपत्रिका नव्हती. सांगावा वाडीवाडीत तोंडी गेला. सड्याच्या कडेच्या धनगरवाडीतले लोक आले, दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे आली, गवत कापून विकणाऱ्या बायका आल्या.

आम्ही पावसाविषयी विचारले. आमच्या प्रश्नावलीत 'जून ते सप्टेंबर' असा एक रकाना होता. उत्तरे आली ती नक्षत्रांत. मृगात पेरलेले आर्द्रात कसे वाहून गेले, पुष्यात आताशा ऊन कसे पडते, हस्ताचा पाऊस कापलेल्या भातावर कसा कोसळतो. पहिल्यांदा आम्ही ते 'लोकसमजुती' या सदरात लिहिले. मग ध्यानात आले की पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, मृग दर वर्षी सात-आठ जूनलाच लागतो आणि प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे असते. म्हणजे हे लोक आम्हांला पंधरवड्याच्या हिशोबाने माहिती देत होते आणि आम्ही ती चार महिन्यांच्या एका रकान्यात कोंबत होतो. पाऊस एकूण किती पडला यापेक्षा तो कोणत्या पंधरवड्यात, किती दिवसांत पडला, यावर भाताचा निभाव ठरतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले. 'पाऊस तोच, पण गठ्ठ्याने पडतो' हे वाक्य आम्ही त्या सभामंडपात आठ वर्षे आधी ऐकले होते.

मग सड्याचा विषय निघाला आणि आम्ही नकाशा उलगडला. फिकट पिवळा रंग म्हणजे काय, असे एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारले. येथे गमावण्यासारखे फारसे काही नाही असा त्याचा अर्थ, हे आम्ही जरा घोळवून सांगितले. आजोबा इतकेच म्हणाले, "सडो रिकामो नाय." त्यानंतर तासभर सभामंडपात सडा भरत गेला. कोणत्या खळग्यात दिवाळीपर्यंत पाणी राहते, कोणते गवत गाभण म्हशीला चालत नाही, कोणत्या घळीतून चढणीचे मासे वर येतात, कोणत्या कातळावर जुन्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. आमच्या मैत्रिणीने चार्टपेपरवर एक यादी सुरू केली होती, 'सड्यावर कोणाकोणाचे काय आहे' अशी. मालक, कुळे, धनगर, गवतवाल्या, बागायतदार, चिरेखाणवाले, देवस्थान, मुंबईकर. कागद भरला. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या एका काकींनी विचारले, "ह्या यादीत तुमचा नाव खय आसा?"

आम्ही म्हटले, आमचे सड्यावर काहीच नाही, आम्ही अभ्यासाला आलो आहोत. काकी म्हणाल्या, अभ्यास झाला की पगार मिळत असेल. पुस्तक निघेल. त्यात सड्याचे नाव असेल ना? मग तुमचेही सड्यावर काही आहेच की. यावर सारे हसले, आम्हीही हसलो. परंतु ते हसू आमच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकले नाही. आमच्यापैकी एकाची पदवी त्या सड्यावर अवलंबून होती, एकाची नोकरी आणि एकाचा पुढचा प्रकल्प. त्या मंडपात ज्यांचे हितसंबंध सर्वाधिक गुंतलेले होते, असे पाहू गेल्यास आम्हीच होतो. आणि यादी लिहिणाऱ्याच्या हाती खडू असतो, म्हणून यादीत त्याचे नाव येत नाही.

येथे गोष्ट संपली असती तर ती सांगायला बरी वाटली असती. पुढे जे झाले ते असे. अहवालाची मुदत मार्च २०१० होती. नकाशा नव्याने करायचा तर आणखी एक पावसाळा सड्यावर घालवावा लागला असता आणि ज्या संस्थेने पैसे दिले होते तिला मुदतवाढ मान्य नव्हती. आम्ही ती नीट मागितलीही नाही. सभामंडपात जमलेली सारी माहिती अहवालाच्या शेवटी चौथ्या परिशिष्टात गेली. मुख्य नकाशात सडा पिवळाच राहिला आणि त्याखाली 'स्थानिकांशी सल्लामसलत करून' असे शब्द छापले गेले. अहवाल इंग्रजीत होता. चार पानांचा मराठी सारांश गावात पोचवू, असे आम्ही सभेत कबूल केले होते. त्याचा कच्चा खर्डा आमच्या संगणकात पडून राहिला. त्या अहवालाने गावाचे प्रत्यक्ष नुकसान केले असा पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु 'गमावण्यासारखे काही नाही' या मतावर आम्ही गावाच्या संमतीचा शिक्का उठवला, आणि ती संमती गावाने दिलेली नव्हती. अज्ञानातून झालेल्या चुकीची क्षमा मागता येते. ही चूक आम्ही जाणून केली होती.

दरम्यान सबंध सह्याद्रीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गट नेमला. त्याने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि तो मे २०१२ मध्ये लोकांपुढे आला. कोणत्या भागाला किती संरक्षण द्यायचे, याचा अंतिम आराखडा ग्रामसभांतून वर यावा, असे त्याचे सांगणे होते. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांनी आपण होऊन संवेदनशील क्षेत्रात येण्याचे ठराव केल्याचा उल्लेख त्या अहवालात आहे. पुढे के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने एप्रिल २०१३ मध्ये वेगळा अहवाल दिला. त्याची भिस्त मुख्यतः उपग्रहचित्रांवर होती आणि ती पहिल्या गटाच्या नकाशांहून कितीतरी बारीक होती; गाडगीळ गटाचे चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचे, तर यांची चित्रे चोवीस मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी. त्यानंतर मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. चित्र जितके बारीक तितकी त्यात माणसाची बाजू स्पष्ट दिसेल, असे काही नसते. 'संवेदनशील' हा शब्द आपल्याकडे दंगलीच्या बातम्यांत वापरतात. तोच गावांच्या यादीपुढे लागला आणि लोक धास्तावले. त्या दिवसांत आमच्या गावातून एक फोन आला होता. "तुमच्यासारखीच माणसे आली असतील, विचारून गेली असतील, आणि आता हा कागद आला आहे." आमचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता. पण तसे सांगण्याचा अधिकार आम्ही चौथ्या परिशिष्टात ठेवून आलो होतो.

पुन्हा गेलो ते २०२२ च्या पावसाळ्यात. तोवर पुष्कळ बदलले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले आणि ऐन हंगामातला आंबा झडून पडला. आमच्या आठवणीतल्या सड्याचा बराच भाग कलमांखाली आणि चिरेखाणींखाली गेला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि सडा पडीक की जिवंत, हा वाद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. आजोबा राहिले नव्हते. काकी होत्या. आम्ही तो चार पानांचा सारांश तेरा वर्षे उशिरा नेला होता, आणि सोबत आमचा जुना नकाशा व त्यावरचा पिवळा रंग चुकीचा कसा, हे सांगणारे एक पान. काकींच्या नातीने ते देवळात मोठ्याने वाचून दाखवले. कोणी रागावले नाही. त्याने आम्हांला अधिक अवघडल्यासारखे झाले.

त्या बैठकीत आम्ही प्रश्न नेला नाही. तो गावाने दिला. खालच्या वाडीचा झरा पूर्वी शिमग्यापर्यंत टिकायचा, आता त्याआधीच आटतो, असे सर्वांचे म्हणणे होते. कारणावर मात्र एकमत नव्हते. काही म्हणाले, सुरुंगांनी कातळ फुटला आणि पाणी भलतीकडे जाते. बागायतदार म्हणाले, बागांना दोष देऊ नका, बोअरवेली मोजा. एका तरुणाने पावसावर बोट ठेवले. आम्हांला विचारले तेव्हा आम्ही म्हटले की आम्हांला ठाऊक नाही, आणि अंदाज सांगणार नाही. सभामंडप क्षणभर शांत झाला. तज्ज्ञाच्या तोंडून हे वाक्य तेथे बहुधा प्रथमच ऐकले जात होते. मग ठरले की मोजायचे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक, तीन विहिरींत खुणांची काठी, झऱ्यापाशी एक डबा आणि घड्याळ. नोंदी नक्षत्रवार ठेवायच्या आणि वही देवळात राहील. एका विहिरीचे माप बागायतदाराने घ्यायचे, एकीचे धनगरवाडीने, एकीचे शाळेतल्या मुलींनी, म्हणजे उद्या निष्कर्ष कोणाला न रुचणारा निघाला तरी आकडे परक्याचे आहेत असे म्हणता येणार नाही.

लोकांना सोबत घेतले की सत्य आपोआप हाती लागते, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. गाव म्हणजे एक मन नव्हे. ज्याला सडा विकून मुलीचे शिक्षण करायचे आहे आणि जिला त्याच सड्यावर गवत कापायचे आहे, ती दोघेही खरी आहेत. त्यांच्यातला तंटा कोणताही अभ्यास मिटवणार नाही. मुंबईच्या चाळीत बसून गावच्या जमिनीवर जीव टाकणाऱ्या चाकरमान्याला 'गैरहजर मालक' म्हणून उडवून लावणेही अन्यायाचे आहे. लोकांचे अंदाज चुकतात, जसे आमचे चुकतात. परंतु प्रश्न आधी ठरवायचा, नकाशा आधी रंगवायचा आणि मग 'सहभागा'साठी लोकांना चहाला बोलवायचे, याला सहभाग म्हणता येत नाही. ज्याला प्रश्न बदलता येतो, तारीख ठरवता येते आणि अहवालात 'हे चूक आहे' असे मुख्य पानावर लिहिता येते, तोच खरा वाटेकरी. बाकीचे पाहुणे.

सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाबरोबर 'इतर हक्क' अशी एक जागा असते. कुळाचे नाव तेथे लागते, कर्जाचा बोजा तेथे चढतो. त्या दप्तराच्या जन्मदात्यांनी एवढे तरी ओळखले होते की जमिनीवर मालकाखेरीज इतरांचेही काही असते आणि ते लिहून ठेवले नाही तर नाहीसे होते. 'स्टेकहोल्डर'ला मराठी शब्द शोधताना आम्हांला हा रकाना आठवला असता तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या. आणि 'वाटेकरी' हा शब्द आम्ही ज्या कारणाने बाद केला, त्याच कारणाने तो अचूक होता. वाटेकऱ्यांत भांडणे होतात, कारण प्रत्येकाचे त्यात काही ना काही अडकलेले असते.

देवळातल्या त्या वहीच्या पहिल्या पानावर आता यादी आहे. तिचे शीर्षक 'सड्याचे वाटेकरी' असे असून अक्षर काकींच्या नातीचे आहे. सर्वांत वर आम्हां तिघांची नावे आहेत आणि त्यांपुढे, 'काय आहे' या रकान्यात, तिने आम्हांला विचारून लिहिले आहे: नोकरी, लेख आणि एक जुनी चूक.